सुर्ल्याची एमजी आणि मिस्त्रींची विद्या

डिचोली तालुक्यातील सुर्ला हे गाव ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांच्याही कानांवर गोव्याच्या लोहखनिजाच्या निमित्ताने त्याचे नाव गेले असेल. डोंगर पोखरून काढलेले खनिज ट्रकांतून नदीकाठी यायचे, तेथून बार्जांतून मांडवीच्या पात्राने मुरगाव बंदरात आणि पुढे जहाजांतून परदेशी जायचे. येथील लोखंडाचा हा प्रवास कित्येक दशके चालला. त्याने गावाला पैसा दिला, तशी लाल धूळही दिली. परंतु आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत ती हकीकत उलट दिशेने आलेल्या लोखंडाची आहे. इंग्लंडातील अ‍ॅबिंग्डन येथे घडलेली आणि गेली साठांहून अधिक वर्षे आमच्या घरी असलेली एक दोन आसनी उघडी मोटार, हा तिचा विषय होय.

आजच्या तरुण वाचकांना प्रश्न पडेल की, गोव्याच्या एका खेड्यात इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटार आली कशी? १९५०च्या दशकात खनिजाच्या निर्यातीला तेजी आली आणि पोर्तुगीज अमलातील गोव्यात युरोपचा माल, मोटारींसह, सहज उतरू लागला. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू स्वीकारली, तरी गोव्यातील वाहने पूर्वीप्रमाणे डावीकडूनच चालत राहिली; त्यामुळे उजव्या हाताच्या चक्राची इंग्रजी मोटार येथे अगदी सोयीची होती. आमच्या वडिलांनी ही गाडी १९६० साली बदली होऊन निघालेल्या एका पोर्तुगीज अधिकाऱ्याकडून घेतली. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, भारताचे आयातीचे कडक नियम लागू झाले आणि परदेशी सुट्या भागांची वाट बंद झाली. गाडी दारात आणि तिचे भाग समुद्रापलीकडे, अशी स्थिती झाली. या मोटारीच्या दुरुस्तीचा इतिहास खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो.

गाडी एमजीए १५०० या नमुन्याची. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. १९५५ ते १९६२ या काळात एमजीएच्या सर्व नमुन्यांच्या मिळून १,०१,०८१ गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील बहुतेक सर्व इंग्लंडबाहेर गेल्या. अ‍ॅबिंग्डनचा तो कारखाना १९८० साली बंद पडला. बडोद्याच्या वाचकांना हालोल येथे तयार होणाऱ्या एमजी गाड्या ठाऊक असतील. पण २०१९ साली भारतात आलेल्या त्या गाड्यांचे आमच्या गाडीशी नाते केवळ नावाचे. आमच्या गाडीला बाहेरून दाराची मूठ नाही. आत हात घालून दोरी ओढली की दार उघडते. खिडक्यांना काचा नाहीत. आसनांखालची जमीन प्लायवूडची आहे. आसनांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून बारा व्होल्ट साधले आहेत. गोव्याच्या पावसाळ्यासाठी याहून गैरसोयीचे वाहन शोधून सापडणार नाही!

मग अशी गाडी टिकली कशी? उत्तर मौजेचे आहे. एमजीए १५०० चे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतले आणि त्याच मालिकेतले, त्याच आकारमानाचे इंजिन आपल्या अँबॅसिडरमध्ये अनेक वर्षे बसवले जात होते. ज्या गाडीतून साहेब कचेरीत जात आणि वऱ्हाडी लग्नाला जात, ती अँबॅसिडर आमच्या शर्यतीच्या गाडीची सख्खी चुलत बहीण निघाली. गॅस्केट, बेअरिंगे, पाण्याच्या पंपाचे भाग अशा कितीतरी वस्तू बेळगाव-हुबळीच्या बाजारात मिळत. मात्र नाते आहे म्हणून स्वभावही एकच असेल असे नव्हे. एमजीएला दोन कार्ब्युरेटर, तर अँबॅसिडरला एक. एमजीएच्या इंजिनातील दाबाचे प्रमाण अधिक, हेड आणि कॅमशाफ्ट निराळे. म्हणून पिस्टनचा व्यास जुळला तरी माथा आणि उंची ताडून पाहिल्याशिवाय तो घालू नये. २०१४ साली उत्तरपाड्याला अँबॅसिडरचे उत्पादन थांबले, तेव्हा अनेकांनी एका युगाचा अंत झाला म्हणून हळहळ व्यक्त केली. आमच्या घरी चिंता अधिक व्यवहारी होती: आता वॉटर पंप कोठून आणायचा?

या सगळ्या काळात गाडीला ज्यांचे हात लागले, ते आमचे मिस्त्री मोटारींच्या शाळेत शिकलेले नाहीत. खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये त्यांचे शिक्षण झाले. दहा टनांचा भार घेऊन खड्ड्यांतून धावणाऱ्या ट्रकाचे तुटलेले पाटे जोडणे, ब्रेकना नवे लायनिंग लावणे, धुळीने गुदमरलेला रेडिएटर मोकळा करणे, घासलेला बुश लेथवर नव्याने काढणे, हे काम त्यांनी आयुष्यभर केले. एमजीएचे मागचे पाटे असोत वा ब्रेकचे ड्रम, त्यांना त्यात परके असे काही वाटले नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, काही काळाने सुरू झाल्या आणि १६ मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. ट्रक विकले गेले, रस्त्याकाठची वर्कशॉपे एकेक करून मिटली. खाण बंद पडल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते. तिच्याबरोबर मिटलेल्या विद्येची बातमी कोणी देत नाही.

ही विद्या कशी असते, त्याची दोन उदाहरणे देतो. पहिले पान्यांचे. या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट इंची मापाचे आणि युनिफाइड आट्यांचे आहेत. विजेच्या सामानातील बारीक स्क्रू आणखी तिसऱ्याच जातीचे. अर्ध्या इंचाच्या नटाला आजचा तेरा मिलिमीटरचा पाना लागतो खरा, पण मध्ये सुमारे तीन दशांश मिलिमीटरची पोकळी राहते. गंजलेला नट असल्यास तेवढ्याने त्याचे कोपरे गोल होतात आणि पाच मिनिटांचे काम दोन दिवसांवर जाते. तीन अष्टमांश इंचाच्या भोकात दहा मिलिमीटरचा बोल्ट बळेच फिरवणारा मनुष्य तर आटेच कापून टाकतो. तारांच्या चाकांना मधोमध एकच मोठा नट असतो आणि डाव्या-उजव्या बाजूंचे आटे परस्परांच्या उलट असतात. हातोडा उचलण्यापूर्वी नटावरील बाण पाहावा, एवढी सूचना आमच्या गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेली आहे.

दुसरे उदाहरण कानाचे. एसयू जातीचे दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवायचे असतात. मिस्त्री रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरतात. दोन्हीकडून हवेचा फूत्कार सारखा आला की हवा जुळली. मग आतील पिस्टन टाचणीने किंचित उचलायचा. इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला, तर मिश्रण योग्य. वाढून वाढलेलाच राहिला, तर पेट्रोल जास्त. इंजिन अडखळले, तर पेट्रोल कमी. सगळी परीक्षा एका श्वासाएवढ्या अवधीत होते. तंबोरा लावणाऱ्याला जवारी जशी कळते, तशी ही गोष्ट मिस्त्रींना कळते.

काळाबरोबर नव्या अडचणीही आल्या. १ फेब्रुवारी २००० पासून भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. हवेच्या दृष्टीने ते उत्तमच झाले. पण जुन्या ओतीव लोखंडी हेडातील व्हॉल्व्हच्या बैठकींना त्या शिशाचे संरक्षण असे. ते गेल्यावर तेथे कठीण पोलादाची कडी बसवून घ्यावी लागली. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल शोषते, जुन्या रबराच्या नळ्या आणि वायसर मऊ करते आणि त्यातील प्राणवायूमुळे मिश्रण थोडे विरळ होते. म्हणून आम्ही नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घातल्या, जेट किंचित खाली उतरवले आणि पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करण्याचा नियम केला.

गोव्याचा पावसाळा ही तर या गाडीची खरी परीक्षा. जून ते सप्टेंबर गाडी चौथऱ्यावर चढवून ठेवतो. हँडब्रेक सोडलेला असतो, नाहीतर लायनिंग ड्रमला चिकटते. क्लचचे पेडल लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवतो, नाहीतर प्लेट फ्लायव्हीलला गंजाने धरून बसते. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून सायलेन्सरच्या तोंडाला जाळी. ब्रेकचे तेलही ओल पिते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचे. आणि एक महत्त्वाचे: पावसाळ्यात उगीच दोन मिनिटे इंजिन चालू करून बंद करू नये, त्याने आत पाणी धरते. चालवायचे तर पुरते तापेपर्यंत चालवावे. चासीच्या पोकळ नळ्यांत मेण फवारतो आणि वरून रेड ऑक्साइडचा हात देतो. रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा गंजच, म्हणजे सुर्ल्याच्या डोंगराचेच भावंड! गंजाला गंजाने आवर घालण्याची ही युक्ती आम्हांला नेहमीच गमतीची वाटते.

येथवर सर्वांचे एकमत. मतभेद सुरू झाले ते बदलांच्या प्रश्नावर. पुण्यात अभियंता असलेल्या आमच्या पुतण्याचे म्हणणे असे की, गाडी वापरायची तर ती सुरक्षित हवी. पुढे डिस्क ब्रेक लावावेत, पाच गिअरांची पेटी घालावी, जमल्यास एमजीबीचे १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवावे. थोरल्या काकांचे मत याच्या नेमके उलट. "तुम्ही एकेक भाग बदलत जाल आणि शेवटी नंबराची पाटी तेवढी तुमच्या वडिलांची उरेल," असे ते म्हणाले. दोघांचेही खरे होते आणि म्हणूनच वाद मिटेना.

या वादाला कायद्याचीही बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली बिनव्यापारी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शने, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशाच कारणांसाठी आणता येते. दुसरीकडे, सामान्य नोंदणीतही नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाला मान्य नाही. म्हणजे नवे इंजिन घातले की एक दार बंद होते आणि दुसऱ्या दारातही पहारेकरी उभा राहतो.

शेवटी निर्णय झाला तो मिस्त्रींच्या एका वाक्याने. "पात्रांव, पयलीं ब्रेक, मागीर इंजीन," ते म्हणाले. या गाडीला ब्रेकच्या तेलाचे एकच मंडल आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. तेव्हा डिस्कची चर्चा बाजूला ठेवून मूळ ड्रमच नीट तासून घेतले, रबरे नवी घातली आणि गंजणाऱ्या पोलादी नळ्यांच्या जागी तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या टाकल्या. बाहेरून काहीही दिसत नाही, पण भरवसा कितीतरी वाढला. कंबरेचे पट्टे लावले. इंजिन आणि गिअरपेटी जशीच्या तशी राहिली. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, तर चालवणाऱ्याने दोनदा क्लच दाबायला शिकावे, असे ठरले. घराचा नियम आता असा: जो बदल एका दिवसात उलटा करता येईल, तोच करावा आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा. काकांना पेटी मिळाली, पुतण्याला ब्रेक मिळाले.

मिस्त्रींचे वय आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. नजर कमी झाली असून उजव्या कानाने नीट ऐकू येत नाही. भाग परदेशातून पुन्हा मागवता येतात. ते कान कोठूनही मागवता येणार नाहीत. म्हणून गेल्या दोन वर्षांपासून आम्ही एक जाड वही घातली आहे. कोणता आवाज कशाचा, कोणत्या नटाला कोणता पाना, कोणता भाग कोणत्या गाडीचा चालतो, हे मिस्त्री सांगतात आणि पुतणे व भाचे आळीपाळीने लिहून घेतात. वाचकांपैकी ज्यांच्या घरी वाडवडिलांचे एखादे यंत्र असेल, मग ते घड्याळ असो, पायपेटी असो वा शिवणाचे मशीन, त्यांनी ते दुरुस्त करणाऱ्या हातांचीही अशी वही करावी, अशी आमची विनंती आहे.

गेल्या मे महिन्यात, गाडी चौथऱ्यावर चढवण्यापूर्वी, कार्ब्युरेटर प्रथमच पुतण्याने जुळवले. मिस्त्री बाकावर बसून होते. नळी पुतण्याच्या कानाशी होती. टाचणीने पिस्टन उचलला, इंजिन किंचित चढले आणि पुन्हा जागेवर आले. मिस्त्रींनी डावा कान तिकडे वळवला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आतां बंद कर. बरें जालें."