रिव्हर्स का पडेना?
सोलापूरच्या बाजार समितीत कांदा वाहणारे बहुतेक पिकअप हाताने गिअर बदलण्याचे असले, तरी टोयोटा हायलक्स वा इसुझू व्ही-क्रॉसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही मिळतो, आणि त्याचा रिव्हर्स पडेनासा झाला की तो लगेच खोलण्याची घाई बहुधा महागात पडते. या गिअरबॉक्समध्ये तेलाच्या दाबाने आवळले जाणारे क्लच, म्हणजे एकाआड एक रचलेल्या पातळ चकत्या, गिअर जोडतात. म्हणून आधी तेल पाहावे. पांढऱ्या फडक्यावर टेकवलेला थेंब लालसर न दिसता काळपट दिसला आणि त्याला करपट वास आला, तर चकत्या जळाल्याचा संशय बळावतो. खरा उलगडा मात्र पुढच्या गिअरांतच होतो: अनेक सहा-गिअरी रचनांत तिसरा, पाचवा व रिव्हर्स यांना एकच क्लच असल्याने, तिन्ही एकदम घसरत असतील तर दोष त्याच्याकडे जातो; पण तिसरा व पाचवा ठणठणीत असून, पहिला गिअर हाताने निवडून ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला रोखत नसेल, तर पहिला व रिव्हर्स यांचा सामाईक ब्रेक, म्हणजे फिरता भाग कवचाशी जखडणारा चकत्यांचा संच, निकामी झालेला असू शकतो. रिव्हर्सला तेलाचा दाब पुढच्या गिअरांपेक्षा सहसा जास्त लागतो, त्यामुळे किंचितशी गळतीही प्रथम तिथेच जाणवते.