पाडण्याऐवजी वाढविणे : लाकातों आणि वासाल यांचा वास्तुविचार

प्रस्तावना :
खाजगी घर आणि सार्वजनिक इमारत हे वास्तुरचनेचे दोन स्वतंत्र प्रांत मानले जातात. घरात व्यक्तीची गरज, तर सार्वजनिक वास्तूत संस्थेची प्रतिष्ठा महत्त्वाची ठरते. ही विभागणी नाकारणाऱ्या वास्तुविशारदांमध्ये फ्रान्समधील आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल यांचे स्थान महत्त्वाचे आहे. या दोघांनी बोर्दो येथे एकत्र शिक्षण घेतले. त्यानंतर वासाल यांनी पश्चिम आफ्रिकेतील नायजरमध्ये काही वर्षे काम केले. तुटपुंज्या साधनांतून निवारा कसा उभा राहतो, हे दोघांनी तेथे जवळून पाहिले. १९८७ मध्ये त्यांनी भागीदारीत आपले छोटे कार्यालय सुरू केले.

घरातील प्रयोग :
बोर्दोजवळील फ्ल्वाराक येथील लातापी घर (१९९३) अत्यंत मर्यादित खर्चात बांधलेले आहे. शेतीतील हरितगृहासाठी वापरले जाणारे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पत्रे येथे घराच्या मागील भागास लावण्यात आले. हिवाळ्यात हा भाग सूर्याची उष्णता साठवितो, तर उन्हाळ्यात तो उघडून हवा खेळती ठेवता येते. साहित्य स्वस्त असल्याने त्याच पैशात अधिक जागा मिळाली. प्रशस्तपणा ही श्रीमंतांची मिरासदारी नव्हे, हे या घराने दाखवून दिले.

सार्वजनिक वास्तू :
हेच सूत्र पुढे मोठ्या कामांत आढळते. नाँत येथील वास्तुकला विद्यालयात (२००९) मागणीपेक्षा कितीतरी अधिक जागा उपलब्ध करून देण्यात आली. ती कशी वापरावी, हे विद्यार्थ्यांवर सोपविण्यात आले. बोर्दोमधील लेओं ओकोक चौकाच्या सुशोभीकरणाचे काम आले, तेव्हा चौक मुळातच सुंदर असल्याने केवळ देखभाल पुरेशी आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९९६ मध्ये दिला.

पुनर्बांधणीचा पर्याय :
साठच्या दशकातील सामाजिक गृहनिर्माणाच्या इमारती पाडण्याचे धोरण फ्रान्समध्ये राबविले जात असताना त्यांनी फ्रेदेरिक द्रुओ यांच्यासह त्यास विरोध केला. पॅरिसमधील ब्वा-ल-प्रेत्र मनोरा (२०११) आणि बोर्दोतील ग्रां पार्क वसाहतीतील ५३० सदनिका (२०१७) ही त्याची उदाहरणे होत. दुसऱ्या कामात क्रिस्तोफ युतँ हेही सहभागी होते. दोन्ही ठिकाणी जुन्या बाह्य भिंतीतील लहान खिडक्यांच्या जागी सरकते काचेचे दरवाजे बसवून बाहेरच्या बाजूस काचबंद सज्जे जोडण्यात आले. त्यामुळे घरे मोठी व उजेडाची झाली, तापविण्याचा खर्च घटला आणि काम सुरू असताना रहिवाशांना घर सोडावे लागले नाही. पाडून नव्याने बांधण्यापेक्षा हा मार्ग स्वस्तही ठरला.

मर्यादा व समारोप :
हा मार्ग सर्वत्र लागू पडेल असे नाही. मूळ सांगाडा भक्कम असणे आणि सभोवती मोकळी जागा असणे या त्याच्या पूर्वअटी आहेत. शिवाय त्यातून घरे मोठी होतात; त्यांची संख्या वाढतेच असे नाही. तथापि इमारत पाडताना केवळ काँक्रीट नष्ट होत नाही, तर अनेक वर्षांत जुळलेला शेजारही विखुरतो, ही जाणीव या कामाने दृढ केली. २०२१ मध्ये या दोघांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. नव्याचा हव्यास धरण्याआधी जे आहे त्याकडे नीट पाहणे, हेच त्यांच्या विचाराचे सार होय.