बोल्टांवर उभी गाडी

दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात आली की माणसं टाचा उंचावून बघतात. जर्मन गाडी ती, तिचा थाटच निराळा. पण उद्यमनगरात हात काळे केलेल्या माझ्यासारख्याला विचाराल, तर मी स्टँडर्ड हेरल्डचं नाव घेईन. आमच्या गॅरेजात तिला घेऊन यायचे ते डॉक्टर, वकील, नाहीतर गुळाचे अडते.

मूळची ती इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीची ट्रायम्फ हेरल्ड, 1959 सालची. तोवर तिकडचे बहुतेक कारखाने चासी सोडून अखंड बॉडीकडे वळले होते. स्टँडर्ड-ट्रायम्फला ते जमेना, कारण बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो कंपनी 1953 मध्ये बीएमसी या प्रतिस्पर्धी मोटार कंपनीनं गिळली होती. मग हॅरी वेबस्टर या इंजिनिअरनं जुनीच वाट धरली. खाली वेगळी चासी, वर बॉडीचे सुटे भाग, सगळे बोल्टनं आवळलेले. रूप दिलं ट्युरिनच्या जोव्हानी मिकेलोत्तीनं. अडचणीतून निघालेली ही रचना आपल्या देशाला मात्र मानवली. सुटे भाग आणून जोडायला सोपे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं 1961 पासून ती इथं बनवायला घेतली.

बॉनेट उघडणं हा तर सोहळाच. मडगार्डांसकट सगळं तोंड पुढं कलंडतं आणि 948 सीसीचं इंजिन, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सगळं मोकळं. अॅम्बॅसॅडरवर वाकून कंबर धरायची. इथं टायरवर बूड टेकून निवांत टॅपेट लावावेत. पुढची चाकं इतकी वळतात की गाडी 25 फुटांच्या वर्तुळात फिरते. लंडनच्या टॅक्सीलाही तेवढीच जागा लागते. महाद्वार रोडच्या गर्दीत याचं मोल कळायचं.

बोल्टचे सांधे म्हटल्यावर पाऊस आत येणारच. गगनबावड्याकडून आलेल्या गाडीतली मॅट पिळून काढावी लागे.

खरा वाद मागच्या चाकांचा. प्रत्येक चाक स्वतंत्र, डिफरन्शिअलच्या डोक्यावर एकच आडवा कमानपाटा. मागं माणसं कोंबली की चाकं फेंगडी. मोकळ्या गाडीनं जोरात वळण घेतलं तर बाहेरचं चाक आत मुडपतं. गिऱ्हाईक आणि मिस्त्री दोघंही यावर नाराज. माझ्या मते घाटातल्या उतावळ्या ड्रायव्हरांनी तिला जास्त बदनाम केलं. 1968 मध्ये मद्रासवाल्यांनी चार दारांची हेरल्ड काढली; तशी सलून खुद्द इंग्लंडातही नव्हती. तिच्या जागी 1972 मध्ये आलेल्या गझेलला मात्र त्यांनी मागं सरळ एकसंध अॅक्सल दिला. गझेल 1977 पर्यंत चालली.

आजही कुणी हौसेनं जुनी हेरल्ड बघायला बोलावलं, तर मी रंग आणि क्रोमकडे नंतर वळतो. आधी पुढचं चाक जॅकवर. चाकाचा उभा दांडा खाली ट्रनिअन नावाच्या सांध्यात आट्यांवर फिरतो. तिथं 90 नंबरचं गिअर ऑइल भरायचं असतं, ग्रीस नव्हे. पण आपल्याकडे दिसेल त्या भोकाला ग्रीसगन लावायची सवय. ग्रीस घट्ट होतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, दांडा आतून गंजतो आणि एखाद्या वळणावर तुटून चाक आडवं पडतं. दांड्यावर गंज दिसला तर मालकाला सांगतो, हा बदलल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर काढू नका.