दूरच्या प्रभागाचे मत : स्कॉटलंडच्या ग्रामीण भागातील स्थानिक निवडणूक

स्थानिक स्वराज्य संस्थेचा प्रतिनिधी लोकांना जवळचा असावा, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तथापि, जेथे वस्ती विरळ आणि अंतरे मोठी आहेत तेथे हे तत्त्व आचरणात आणणे कठीण जाते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशातील निवडणूक पद्धती या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

एकस्तरीय कारभार

1996 पासून स्कॉटलंडमध्ये 32 एकस्तरीय परिषदा आहेत. शाळा, रस्ते, घरबांधणी परवाने, कचऱ्याची विल्हेवाट ही सर्व कामे त्यांच्याकडेच असतात. आपल्याकडील ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद अशी रचना तेथे नाही. 1973 च्या कायद्यान्वये गावपातळीवर समुदाय परिषदा स्थापन झाल्या. परंतु त्यांचे कार्य मुख्यतः लोकमत कळविण्याचे असून त्यांना कर बसविण्याचा अधिकार नाही. साहजिकच, गावातील शाळा बंद होऊ नये वा रस्त्याची दुरुस्ती व्हावी, यासाठी ग्रामस्थांचा सारा भरवसा परिषदेच्या सदस्यावर असतो.

हायलँड परिषदेचे क्षेत्र सुमारे 26,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याहून मोठे आहे. लोकसंख्या मात्र अडीच लाखांच्या आतच आहे. 2022 मध्ये तेथे 74 सदस्य निवडण्यात आले. याच परिषदेतील उत्तर, पश्चिम व मध्य सदरलंड हा प्रभाग तीन सदस्यांचा आहे. त्यातील डरनेस गावापासून परिषदेचे मुख्यालय असलेले इन्व्हरनेस दीडशे किलोमीटरहून दूर असून, वाटेतील बराचसा रस्ता एकपदरी आहे.

पसंतीक्रमाचे मतदान

2007 पूर्वी एका प्रभागातून एकच सदस्य निवडला जाई आणि सर्वाधिक मते मिळविणारा विजयी होई. 2004 च्या कायद्याने ही पद्धत बदलली. 2007 पासून तीन किंवा चार सदस्यांचे प्रभाग करण्यात आले आणि एकल संक्रमणीय मतपद्धती लागू झाली. मतदार उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे लिहितो. आपल्या विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मतदान करणाऱ्या शिक्षकांना ही रीत परिचित आहे.

समजा, तीन जागांसाठी 2,400 वैध मते पडली. या संख्येला जागांहून एकाने अधिक, म्हणजे चाराने भागून एक मिळविला की 601 हा कोटा निघतो. एखाद्यास 801 मते मिळाली तर त्याची 200 मते अतिरिक्त ठरतात. मग त्याच्या सर्व मतपत्रिकांवरील पुढील पसंती पाहून त्या सुमारे पाव मत या मूल्याने इतरांकडे जातात. कोणीच कोटा गाठला नाही, तर सर्वांत कमी मते मिळालेला उमेदवार बाद होऊन त्याची मते पुढील पसंतीनुसार वाटली जातात. ही किचकट मोजणी यंत्राद्वारे होते. अल्पमतातील गटालाही प्रतिनिधित्व मिळण्याची शक्यता वाढते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

लाभाची किंमत

मात्र एका प्रभागातून अनेक सदस्य निवडावयाचे, म्हणजे प्रभाग मोठा करणे आले. एका टोकाच्या गावास दुसऱ्या टोकाचा प्रतिनिधी परकाच वाटतो. एक जागा रिकामी झाली तरी पोटनिवडणूक संपूर्ण प्रभागात घ्यावी लागते. शिवाय दूरच्या सभा, प्रवास आणि स्वतःचा व्यवसाय यांचा मेळ घालणे अवघड असल्याने उमेदवारही सहज मिळत नाहीत. 2022 मध्ये काही प्रभागांत जागांइतकेच उमेदवार उभे राहिले व मतदान झालेच नाही. बिनविरोध निवड आपल्याकडे पुष्कळदा एकोप्याचे लक्षण मानली जाते. तेथे ती अनास्थेचेही लक्षण असू शकते.

पक्षांपेक्षा परिचयाला महत्त्व देण्याची प्रवृत्ती या भागात टिकून आहे. ऑर्कनी, शेटलंड व वेस्टर्न आयल्स या तिन्ही बेट-परिषदांत 2022 मध्येही अपक्षांचेच बहुमत झाले.

संख्या आणि अंतर

प्रत्येक सदस्यामागे मतदारसंख्या शक्यतो समान असावी, हा न्याय रास्त आहे. पण केवळ संख्या पाहिली तर विरळ वस्तीचे सदस्य कमी होतात आणि उरलेल्यांचे क्षेत्र आणखी विस्तारते. हायलँडच्या प्रभागरचनेचा असाच वादग्रस्त प्रस्ताव स्कॉटलंडच्या संसदेने 2021 मध्ये नामंजूर केला. दुसरीकडे, 2018 च्या बेटविषयक कायद्याने वस्ती असलेल्या बेटांसाठी एक किंवा दोन सदस्यांचे प्रभाग करण्याची मुभा दिली. त्यानुसार 2022 मध्ये ॲरन बेटाला स्वतःचा स्वतंत्र सदस्य मिळाला.

मतदानाचे वय 2015 च्या कायद्याने 16 वर्षांवर आणले गेले, त्यामुळे शाळकरी मुलेही या निवडणुकीत मतदार आहेत. ज्या शाळेच्या भवितव्याचा निर्णय परिषद घेते, त्या शाळेतील मोठ्या विद्यार्थ्यांना परिषद निवडण्याचा अधिकार मिळाला आहे. प्रतिनिधित्वाची गणना केवळ डोकी मोजून पूर्ण होत नाही. मतदार आणि प्रतिनिधी यांच्यातील अंतरही हिशेबात धरावे लागते, हा या अनुभवाचा बोध दुर्गम भागात काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी घ्यावा असा आहे.