डोंबिवलीच्या नावाची संख्या

१ हा अंक नऊ वेळा लिहून त्या संख्येचा वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. ही आहे ‘डेम्लो संख्या’, आणि तिचे नाव आले आहे डोंबिवलीवरून.

नाव कसे पडले?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे डहाणूचे. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले आणि १९३० ते १९६२ या काळात त्यांनी देवळालीच्या शाळेत गणित शिकवले. जगभर ते ओळखले जातात ६१७४ या स्थिरांकामुळे. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या ‘डेम्लो’, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनावर या संख्यांची कल्पना त्यांना सुचली. म्हणून त्यांनी स्टेशनाचेच नाव संख्यांना दिले. पुढे १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर आणि कापरेकर यांनी डेम्लो संख्यांचा सिद्धान्त मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मांडला.

डेम्लो संख्येची खूण

डावा भाग आणि उजवा भाग यांची बेरीज केली, की मधला अंक हजर होतो. १६५ मध्ये १ + ५ = ६. २५५३ मध्ये २ + ३ = ५, आणि मधे ५ दोनदा. १, ११, १११ अशा संख्यांच्या वर्गांना कापरेकरांनी ‘वंडरफुल’ डेम्लो म्हटले: १, १२१, १२३२१, १२३४३२१. यातल्या शेवटच्या संख्येत १२३ + ३२१ = ४४४. आपल्या सतरा अंकी संख्येत तर १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मधला अंक ९!

हे का घडते?

गुणाकार उभा मांडून पाहा. १ च्या नऊ ओळी येतात आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उजवीकडून पहिल्या स्तंभात एकच १, दुसऱ्यात दोन, असे चढत मधल्या स्तंभात नऊ, मग तशीच उतरण. कुठल्याही स्तंभाची बेरीज ९ च्या पुढे जात नाही. हातचा येत नाही, म्हणून स्तंभांची मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते.

पोटात काय आहे?

१११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७. म्हणून तिचा वर्ग ३⁴ × ३७² × ३३३६६७². यातले तिन्ही पाये मूळ संख्या आहेत. घातांकांत एकेक मिळवून गुणले, की विभाजकांची संख्या येते: ५ × ३ × ३ = ४५. अंकांची बेरीज ८१ म्हणजे ९², आणि ८१ ने संख्येला नि:शेष भागही जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, तोही पूर्ण वर्ग: १२३४५६७९ चा.

नमुना कुठे मोडतो?

दहा एकांचा वर्ग करा. मधल्या स्तंभात १० येतात, हातचा निघतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. सुरेख चढ-उतार मधेच तुटतो. दशमान पद्धतीत नऊ ही त्याची मर्यादा आहे.

या सगळ्याला पाचवीतला गुणाकार आणि वहीचे एक पान पुरते. कापरेकरांची मोठी देणगी हीच: साध्या आकडेमोडीत ‘हे असेच का?’ आणि ‘हे कुठवर चालेल?’ असे विचारणे. डोंबिवलीच्या प्रत्येक शाळेत गणिताचा एक तास या संख्येला मिळायला हवा. तिच्यावर पहिला हक्क तिथल्या मुलांचा आहे.