शाई कोणती घ्यावी आणि टाकीत कशी भरावी



शाई म्हटली की जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढे दौत, टाक आणि टिपकागद उभे राहतात. दौती गेल्या, टाक गेले. पण शाई काही गेली नाही. ती आता शाळेच्या कचेरीत, ग्रामपंचायतीत आणि आपले सरकार सेवा केंद्रात प्रिंटरच्या पोटात जाऊन बसली आहे. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, चाचणीची प्रश्नपत्रिका, सातबाराचा उतारा, सारे तिच्यातूनच उमटते. आणि टाकी रिकामी झाली की तालुक्याला निघालेला माणूस विचारतो, "गुरुजी, शाई कुठली आणू?" या प्रश्नाचे उत्तर आज आपण जरा सविस्तर पाहू.

प्रथम हे यंत्र शाई उडवते कसे ते समजून घेऊ. यंत्रात पुढेमागे सरकणारा एक भाग असतो, त्याला हेड म्हणतात. हेडच्या तळाला केसाहूनही बारीक अशी पुष्कळ छिद्रे असतात. त्यांतून शाईचे थेंब कागदावर फेकले जातात. थेंब फेकण्याच्या दोन रीती आहेत. एकीत छिद्रामागची शाई क्षणभर तापवतात. वाफेचा बुडबुडा उठतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. ही रीत जपानमधल्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७७ साली सुचली. शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला डाग देण्याच्या तापलेल्या हत्याराचा स्पर्श झाला आणि सुईतून शाई उडाली! दुसऱ्या रीतीत उष्णता लागत नाही. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर आपण दाबतो तेव्हा आतल्या स्फटिकावर दाब येऊन ठिणगी पडते. इथे ते उलट चालते. वीज दिली की स्फटिक किंचित वाकतो आणि शाईला धक्का देतो. एप्सन कंपनीची यंत्रे या रीतीची.

थेंब किती लहान म्हणाल? घरोघरी व शाळांतून दिसणाऱ्या एल ३११० या यंत्रात लहानात लहान थेंब ३ पिकोलिटरचा असतो. एका मिलिलिटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे एक पिकोलिटर. म्हणजे मिलिलिटरभर शाईत तेहतीस कोटी थेंब बसतात. तेहतीस कोटी देवांना प्रत्येकी एकेक नैवेद्य! आता एवढ्या बारीक वाटेने जाणारी शाई जरा दाट झाली, तिच्यात गाळ आला, किंवा ती छिद्राशीच वाळली, की वाट बंद झालीच म्हणून समजा. म्हणून फाउंटन पेनची शाई, शिक्क्याच्या पॅडची शाई किंवा संपत आलेल्या शाईत घातलेले पाणी, यांतले काहीही या टाकीत चालत नाही.

आता शाईच्या जाती पाहू. मुख्य जाती दोन. पाण्यात साखर घातली की ती विरघळून दिसेनाशी होते, आणि चुना कालवला की त्याचे कण पाण्यात तरंगत राहतात. पहिल्या जातीच्या शाईत रंग साखरेसारखा विरघळलेला असतो. तिला डाय शाई म्हणतात. दुसरीत रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत ठेवलेले असतात. ती पिगमेंट शाई. हा भेद आपल्याला नवा नाही, बरं का! आपल्या पूर्वजांची काळी शाई काजळी आणि डिंक यांची. काजळी पाण्यात विरघळत नाही. तिचे कण कागदाला धरून बसतात. म्हणून पेशवे दफ्तरातले दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद आजही काळेभोर दिसतात. उलट फाउंटन पेनच्या निळ्या शाईने लिहिलेल्या वहीवर पावसाचे चार थेंब पडले, तर काय होते ते प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे.

प्रिंटरच्या शाईचेही तसेच. डाय शाईचे रंग खुलून दिसतात; चकचकीत कागदावरच्या चित्रांना ती छान. पण साध्या कागदावर ती पाण्याने फुटते आणि उन्हाने विटते. पिगमेंट शाई पाण्याला व उजेडाला अधिक टिकते. काही यंत्रांत चारही शाया डाय जातीच्या असतात. एल ३११० ची ००३ क्रमांकाची शाई अशीच आहे. काही यंत्रांत काळी पिगमेंट आणि निळी, किरमिजी, पिवळी या तीन डाय, अशी जोडणी असते. कॅननच्या जी मालिकेतल्या पुष्कळ यंत्रांत हीच व्यवस्था आहे.

शिक्षकबंधूंनी येथे विशेष लक्ष द्यावे. प्रश्नपत्रिकेचे आयुष्य एका दिवसाचे. ती कोणत्याही शाईत छापा. दाखल्याचे तसे नाही. आज चौथीतून गेलेल्या मुलाला तो दाखला पुढे जन्मतारखेसाठी, जातीच्या प्रमाणपत्रासाठी, नोकरीसाठी, कदाचित निवृत्तिवेतनासाठीही दाखवावा लागेल. तो पत्र्याच्या पेटीत राहील, छपराखाली ओलसर होईल, घामेजल्या खिशातून तहसीलदाराच्या कचेरीत जाईल. तेव्हा त्यावरचे नाव फुटलेले असेल तर शाईचे वाचवलेले चार पैसे त्या मुलाच्या अंगावर येतील. यासाठी एक सोपी परीक्षा करावी. आपल्या यंत्रावर एक काळी ओळ छापा, दिवसभर वाळू द्या, मग तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून बोटाने हलके पुसा. ओळ पसरली तर अशा यंत्रावर दाखला छापू नका. पिगमेंट काळी शाई असलेल्या किंवा लेझर यंत्रावर तो छापून घ्या. मात्र टिकाऊ हवी म्हणून डाय शाईच्या टाकीत पिगमेंट शाई ओतू नये. दोन जाती एकत्र आल्या तर गुठळी धरण्याचा धोका असतो.

मग दुकानात काय मागावे? नुसती "काळी शाई द्या" असे म्हणू नये. यंत्राचे पूर्ण नाव व क्रमांक आणि टाकीजवळ किंवा जुन्या बाटलीवर लिहिलेला शाईचा क्रमांक, हे दोन्ही चिठ्ठीवर लिहून न्यावेत. एकाच कंपनीच्या दोन यंत्रांनाही वेगवेगळी शाई लागते. बाटलीचे सील पाहावे, तारीख पाहावी, आणि पावती घ्यावी.

स्वस्त शाईचे काय? ज्या कंपनीचे यंत्र तिचीच शाई घेणे निर्धोक. इतरांची प्रत्येक शाई वाईट असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण हिशेब करून पाहावा. समजा, काळ्या शाईची बाटली ३६० रुपयांना मिळाली आणि तिच्यात ४५०० पाने निघाली. म्हणजे पानाला ८ पैसे. निम्म्या किमतीची शाई आणली तर पानामागे ४ पैसे वाचले. पाचशे कागदांचे बंडल २५० रुपयांचे धरले तर कोरा कागदच ५० पैशांना पडतो! या ४ पैशांसाठी हेड तुंबले तर दुरुस्ती हजारांत जाते. तरीही दुसरी शाई घ्यायचीच झाली, तर ती आपल्याच यंत्रासाठी व त्याच जातीची आहे असे बाटलीवर लिहिलेले असावे, आणि हमीपत्रात त्याबद्दल काय म्हटले आहे ते आधी वाचावे.

आता भरण्याची रीत. यंत्र छापत नसताना हे काम करावे. खाली वर्तमानपत्र पसरावे आणि मुलांना दूर ठेवावे. एका वेळी एकाच टाकीचे टोपण उघडावे. चारही उघडली की गोंधळ झालाच! बाटलीचा रंग आणि टाकीचा रंग दोनदा ताडून पाहावा. नव्या पद्धतीची बाटली तोंडावर नीट बसवली की शाई आपोआप उतरते. तिला दाबू नये. जुन्या पद्धतीची असेल तर हलक्या हाताने ओतावी. वरच्या रेषेपाशी थांबावे. टोपण घट्ट लावावे, मगच पुढचा रंग. चुकून एकात दुसरा रंग पडलाच, तर एकही पान छापू नये. शाई नळीतून हेडपर्यंत पोचण्याआधीच यंत्र बंद करून जाणत्याला बोलवावे.

टाकी खालच्या रेषेच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. नळीत हवा शिरली की ती काढणे जिकिरीचे होते. यंत्र त्याच्या बटणानेच बंद करावे, भिंतीवरच्या बटणाने नव्हे. कारण बंद होताना ते हेडला झाकण घालून ठेवते. मे महिन्याची सुट्टी म्हणजे हेड वाळण्याचा हंगाम. शाळेच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतील त्याने आठवड्यातून एकदा चारही रंगांचे एक पान छापावे. जूनमध्ये रेघा तुटक आल्या तर आधी तपासणीचे पान काढावे, गरज पडल्यास सफाई करावी. पण दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही तर यंत्र रात्रभर स्वस्थ ठेवून सकाळी पुन्हा पाहावे. प्रत्येक सफाईत शाई खर्च होते आणि वाया गेलेली शाई आतल्या शोषक गादीत साठत जाते. ती गादी भरली की यंत्र अडून बसते.

हे सारे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राशेजारच्या भिंतीवर चिकटवावे. त्यात शाईचा क्रमांक असावा आणि शेवटची बाटली कोणत्या तारखेला भरली तीही नोंदावी. पुढच्या वेळी तालुक्याला जाणारा माणूस कोणीही असो, त्याला ती ओळ उतरवून दिली की काम झाले.