बारा चौकटींची बैठक

रोलवरची बाराही चित्रे निगेटिव्हच्याच मापाने एका कागदावर छापून तो कागद जाणत्या मित्रांपुढे ठेवावयाचा, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. मोठे करून आणलेले एखादे निवडक चित्र कोणीही दाखवील, कारण त्यामागच्या अकरा चुका घरच्या पेटीत सुरक्षित राहतात. परंतु कॉन्टॅक्ट शीट म्हणजे त्या दिवसाच्या भटकंतीचा पंचनामाच असल्यामुळे, कोठे हात हलला, कोठे क्षण येण्यापूर्वीच बटण दाबले गेले, आणि कोठे योग्य जागी पोहोचूनही दोन पावले पुढे सरकण्याचा संकोच आडवा आला, याचा सारा तपशील तीत क्रमवार उमटलेला असतो. हौशी छायाचित्रकारांच्या बैठकीचा खरा प्रारंभ या कागदापासून होतो. ज्या मंडळात तो फिरत नाही तेथे चर्चा न होता केवळ स्तुती होते, असे माझे मत आहे.

बारा हा आकडा येतो तो कोडॅकने १९०१ साली बाजारात आणलेल्या, आणि आजही मिळणाऱ्या, १२० क्रमांकाच्या रोलपासून. सहा सेंटिमीटरचा चौरस घेतला की त्यावर बारा चित्रे बसतात; हा मध्यम आकार, म्हणजेच मीडियम फॉरमॅट. लहान आकाराची कुळकथा ऑस्कर बार्नाक यांच्यापाशी जाते. चलच्चित्रांची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी फिरवून त्यांनी २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट सिद्ध केली, आणि १९२५ साली लायपझिगच्या व्यापारी जत्रेत लायका कॅमेरा लोकांपुढे आला. मध्यम चौरसाची बाजू प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर भरते, म्हणून त्याचे क्षेत्रफळ लहान चौकटीच्या साडेतीन पटींहून अधिक होते; दहा इंची चौरस प्रिंट काढावयाचा तर मध्यम निगेटिव्ह साडेचार पट वाढवून भागते, लहान निगेटिव्ह मात्र साडेदहा पट वाढवावी लागते, आणि त्या मानाने चांदीचे कण डोळ्यांत भरू लागतात. आपल्याकडे हा चौरस घरोघर नेला तो महागड्या रोलायफ्लेक्सने नव्हे, तर बडोद्यास एके काळी तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीने. कित्येक मराठी घरांतील मुंजींची आणि सहलींची चौरस चित्रे त्या साध्या काळ्या डबीतून निघालेली आहेत.

नागपुरातल्या बैठकीत मात्र कॅमेऱ्याहून अधिक बोलावे लागते ते पाण्याविषयी. फिल्म धुण्याची बहुतेक कोष्टके २० अंश सेल्सिअसचे तापमान गृहीत धरतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावत असता गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हातालाही सोसवत नाही. पाणी जितके ऊन, तितका डेव्हलपरचा वेग अधिक. काळ पाच मिनिटांखाली गेला की रसायन सर्वत्र सारखे लागत नाही आणि आकाशात डाग पडतात. शिवाय फिल्मवरचे जिलेटिन उन्हाळी पाण्यात फुगून मऊ होते, आणि थंड डेव्हलपरमधून ते एकदम कोमट हायपोत, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात, गेले तर त्यास सूक्ष्म सुरकुत्या पडून सबंध चित्रावर जाळी उमटते. नवख्याने अशी जाळी पडलेली निगेटिव्ह बैठकीत आणली, तर तिच्यात कोणाचा हात चुकला हे न विचारता पाणी कोठे बदलले हे विचारणारा मनुष्य मला खरा जाणकार वाटतो. बर्फ डेव्हलपरमध्ये न टाकता बाटल्यांभोवती रचावा. शेवटच्या धुण्याचे पाणीही त्याच अंशावर आणावे. ते न साधल्यास डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून फुगवटा आवरावा, किंवा क्रोम तुरटीने जिलेटिन कठीण करून घ्यावे. वैशाखाच्या कोरड्या हवेत माठातले पाणी उत्तम निवते, म्हणून रात्री माठ भरून ठेवून पहाटे रोल धुणे हाही एक रास्त उपाय आहे. पावसाळ्यात दमट हवेमुळे माठ तितकासा उपयोगी पडत नाही, आणि तेव्हा चिंता लागते ती भिंगावर चढणाऱ्या बुरशीची.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत व पिवळी मारबत हे दोन पुतळे इतवारीत एकमेकांसमोर येतात तेव्हाच्या गर्दीत दोन्ही आकारांच्या कॅमेऱ्यांची परीक्षा होते. लहान कॅमेरा डोळ्याला लावून ३६ चित्रांच्या भरवशावर गर्दीबरोबर वाहत जाता येते. मध्यम आकाराचा, कमरेपाशी धरून वरून पाहण्याचा कॅमेरा मात्र खांद्यांच्या भिंतीपुढे आंधळा ठरतो. म्हणून तो उलटा करून दोन्ही हातांनी डोक्यावर धरावयाचा आणि मान वर करून त्याच्या काचेत पाहावयाचे, ही जुनी युक्ती येथे कामास येते. काचेत डावे उजवीकडे दिसते, त्यामुळे पुतळा चौकटीतून निसटू लागला की हात प्रथम भलत्याच दिशेला वळतो. रंगाचा प्रश्न तर दोघांनाही सारखाच. कृष्णधवल फिल्मवर पिवळा रंग फिका करडा उतरतो, पिवळे फिल्टर लावल्यास तो आणखी उजळतो. काळ्या मारबतीचे बारकावे टिपण्यासाठी प्रकाश वाढवावा तर पिवळीचा चेहरा कागदावर पांढरा होऊन जातो. येथे कोणास प्राधान्य द्यावे, याचे उत्तर एकट्याने डार्करूममध्ये बसून सापडत नाही. दोघांनी घेतलेली दोन चित्रे एका मेजावर शेजारी ठेवल्यावरच ते दिसू लागते.

अशा एकत्र बसण्यास आपल्या प्रांतात जुना दाखला आहे. दागेरच्या छायाचित्रण-शोधाची वार्ता १८३९ साली जगापुढे आली, आणि १८५४ साली, म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत, मुंबईस छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी होते. पुढे १९५३ साली देशभरच्या मंडळांना जोडणारे फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी अस्तित्वात आले आणि सलोन, म्हणजे स्पर्धात्मक प्रदर्शने, यांची प्रथा रुजली. सलोनविषयी मला आदर आहे. पण तेथे परीक्षक गुण देतो, कारण देत नाही, आणि नाकारलेला प्रिंट ज्याचा त्याला मुकाट्याने परत मिळतो.

बैठकीत मात्र प्रिंट हातोहात फिरतो. कोणी तो खिडकीपाशी नेऊन सावलीत काही शिल्लक आहे का ते पाहतो. कोणी कडा पिवळसर पडलेल्या पाहून हायपो पुरता धुतला गेला नव्हता असे सांगतो. कोणी दोन कागदी पट्ट्या कोनात धरून चौरसाचा डावा भाग झाकतो आणि क्षणभर काहीच बोलत नाही. मागील बाजूस मऊ पेन्सिलीने, दाब न देता, तारीख आणि शेरा लिहिला जातो: आकाश दहा सेकंद अधिक, माणूस तसाच असू द्यावा. मग पुढल्या खेपेस तीच निगेटिव्ह पुन्हा छापून आणलेली असते, आणि जुना प्रिंट नव्याच्या शेजारी ठेवण्यासाठी मेजावर जागा करावी लागते.